मालक खाली, भाडोत्री वर: आवाजाची तक्रार सोडवायची कशी?

बेळगावातल्या शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी या भागात मी घरं भाड्याने लावून देतो. भाडोत्री राहायला आला की माझं काम संपायला हवं, पण मालक त्याच घरात राहत असेल तर काही दिवसांत फोन येतोच. कधी खालून, कधी वरून. भाडं थकल्याचे फोन कमी, आवाजाचे जास्त. फोन करणारा प्रत्येक जण सांगतो की समोरचा माणूसच तसला आहे. जाऊन बघावं तर माणूस बरा असतो, कुठली तरी वस्तू भलत्या जागी, भलत्या वेळी वाजत असते. त्यामुळे मी आधी वस्तू बघतो, मग वेळ, मग माणूस. कायद्याचं नाव सगळ्यात शेवटी. पहिल्याच दिवशी वकिलाची नोटीस गेली असेल तर पुढे माझ्यासारख्याला तिथे करण्यासारखं फारसं उरत नाही.

आधी लक्षणं ओळखा

खालीलपैकी तुमच्याकडे काय चाललंय ते बघा. प्रत्येकाचं मूळ वेगळं, त्यामुळे उपायही वेगळा.

– आवाज रोज ठराविक वेळेला येतो: मोटार, मिक्सर, शिफ्टवरून येणाऱ्याची गाडी. इथे स्वभावाचा काही संबंध नाही.

– खालच्याला धडधड, फरफट ऐकू येते, पण वरचा म्हणतो "आम्ही काहीच करत नाही": स्लॅबमधून उतरणारा आवाज. दोघंही खरं बोलत असतात.

– शेजारच्या खोलीतलं बोलणं शब्दन्‌ शब्द कळतं: कुठे तरी फट आहे.

– उशीला कान लावला की "घुंऽऽ" असं जाणवतं, उठून बसलं की कमी होतं: मोटार किंवा तिचा पाइप.

– तक्रार दर आठवड्याला बदलते. काल टीव्ही, आज पावलं, परवा "तुमच्याकडे पाहुणे फार येतात": हा आवाजाचा बिघाड नाही. त्याचं शेवटी बघू.

१. चार दिवस फक्त लिहून ठेवा

खर्च शून्य. कालनिर्णयवर दुधाचा हिशोब लिहिता तसं त्या तारखेच्या चौकोनात वेळ आणि आवाज लिहा: "५.१० घुं, २० मि." एवढं पुरे. कुणाला बोलायचं नाही, काठीने छत ठोकायचं नाही.

याने दोन गोष्टी होतात. "रोज रात्रभर" वाटणारा आवाज कागदावर आठवड्यातून दोनदा, पाणी येतं त्याच दिवशी, असा दिसायला लागतो. म्हणजे निम्मा शोध झाला. शिवाय बोलायला जाताना हातात वेळ असते. "तुम्ही फार आवाज करता" याला उत्तर भांडणानेच मिळतं. "सव्वापाचला कसला आवाज येतो हो?" याला उत्तर मिळतं.

मोबाइलवर डेसिबल दाखवणारं ॲप उतरवलं तरी चालेल, पण त्या आकड्यावर भांडू नका. फोनचा माइक मोजमापासाठी बनवलेला नसतो. एकाच फोनने, एकाच जागेवरून, उपायाच्या आधी आणि नंतर मोजून फरक बघायला ते ठीक. साधारण १० डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटतो.

२. एकमेकांच्या खोलीत उभं राहून ऐका

हीही फुकटातली तपासणी, आणि लोक नेमकी हीच टाळतात.

अनगोळातलं एक घर. खाली वयस्कर मालक-मालकीण, वर नवीन लग्न झालेलं जोडपं. काकूंची तक्रार: "रोज रात्री अकराला वर सामान फेकतात बघा. मुद्दाम. मी रोज ऐकतो की, खोटं कशाला सांगू?" वरची मुलगी रडकुंडीला आलेली, "आम्ही दहालाच दिवा घालवतो हो." मी तिला म्हटलं, रात्री झोपताना जे जे करता ते आत्ता कर. तिने लोखंडी कॉट भिंतीपासून ओढून पंख्याखाली आणली. हातभर अंतर, दोन सेकंदांचं काम. खालून काकूंची हाक आली, "हां, हेच की!" मग मुलीला खाली उभं केलं आणि तिच्या नवऱ्याने वर कॉट ओढली. ती छताकडे बघत राहिली. "काकू, एवढं ऐकू येतं व्हय?"

कॉटच्या चार पायांना रबरी बूट घातले आणि विषय मिटला. काकूंनी ते आवाज कानाने ऐकले होते आणि मुलीने खरंच काही फेकलं नव्हतं. दोघींनी जागा बदलेपर्यंत हे कुणाला पटणार नव्हतं.

कारण साधं आहे. हवेतून येणारा आवाज दार, खिडकी, पडदा यांनी थोडा तरी अडतो. फरशीवर आपटलेला किंवा ओढलेला आवाज काँक्रीटमधून थेट खाली उतरतो. तो जिथे निघतो तिथेच दाबावा लागतो. खालच्याने छताला थर्माकोल चिकटवून काही होत नाही. भिंतीला अंड्यांचे ट्रे लावायची टूम मधेच कुणी तरी काढतं. त्याने खोलीतला घुमारा किंचित कमी होईल, पलीकडचा आवाज थांबणार नाही. वर त्यात झुरळं होतात.

शहापुरातल्या जुन्या घरांत काँक्रीट नाही, लाकडी तक्तपोशीची माडी आहे. तिथे वर चाललेलं नुसतं चालणंही खाली ऐकू येतं. असं घर घेताना ते गृहीत धरा. जाड सतरंज्या अंथरल्या तर बरंच निभावतं, पण पूर्ण शांतता मिळणार नाही हे मालकानेही स्वतःला सांगून ठेवावं.

३. किरकोळ पैशांतले उपाय

खुर्च्या, टेबल, कॉट, शिलाई मशीन, सगळ्यांच्या पायांना रबरी बूट. हार्डवेअरच्या दुकानात सुटे मिळतात. मिक्सर ओट्यावर ठेवताना खाली जाड रबर किंवा दोन पदरी टॉवेल. मिरची-मसाला कुटायचा खलबत्ता ओट्यावर नको, परड्यात न्या. पोळपाट डगमगत असेल तर त्याच्या आखूड पायाला रबराचा तुकडा लावा, कारण सकाळी सहाला त्याची टकटक खाली हातोड्यासारखी ऐकू येते.

फाटकाची कडी. लोखंडी गेटची सैल कडी हा या भागातला सर्वांत दुर्लक्षित आवाज. रात्री बाराला घरी येणारा मुलगा गेट हळूच लावतो, पण कडी आपटतेच. तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा.

गाडी बोळात आणायच्या आधी इंजिन बंद करून ढकलत आणायची. बुलेट असेल तर त्यात चर्चा नको.

वॉशिंग मशीन पिळताना नाचत असेल तर आधी तिचे चारही पाय स्क्रूने समपातळीत आणा, मग रबरी पॅड घाला. लोक आधी पॅड आणतात, मशीन वाकडीच ठेवतात, आणि मग पॅडला नावं ठेवतात.

४. टीव्ही कुठल्या भिंतीवर आहे?

सामाईक भिंतीवर टीव्ही टांगलेला असेल तर समोरच्या भिंतीवर न्या. भिंतीला चिकटलेला स्पीकर भिंतच वाजवतो. त्याला निदान स्टँडवर ठेवा.

इथे बहुतेक वेळा तक्रार भाडोत्र्याची असते आणि टीव्ही मालकांचा. आजोबांना कमी ऐकू येतं, मालिकेचा आवाज वाढतच जातो, आणि हे त्यांना सांगणार कोण? भाडोत्र्याने सांगू नये. मुलाला किंवा सुनेला बाजूला घेऊन सांगा, तेही "आवाज कमी करा" असं नाही, "आजोबांचे कान एकदा दाखवून घ्या" असं. कानात मळ साठलाय की श्रवणयंत्राची गरज आहे, हे कान-नाक-घशाचे डॉक्टर बघतील. तोवर टीव्हीला जोडायचा हेडफोन चालतो. आजोबांना तो आवडेलच असं नाही.

५. मोटार: निम्म्या भांडणांचं मूळ

बेळगावात ज्या वॉर्डांना चोवीस तास पाणी आहे तिथून मला मोटारीच्या तक्रारी फारशा येत नाहीत. बाकी भागात नळाला काही दिवसांआड पाणी, आणि तेही वॉल्व्हमन सोडेल तेव्हा. पहाटे तीनला नळ वाजला की मालक उठतो, मोटार चालू करतो, आणि ज्याच्या उशाशी पाइप त्याची झोप जाते. मालकाला ते गैर वाटत नाही. पाणी गेलं तर पुढचे चार दिवस टँकर त्यालाच मागवायचाय. यात कोणी दुष्ट नाही, म्हणूनच हे भांडण लांबतं.

क्रमाने बघा.

*संप आहे का?* अंगणात जमिनीखाली टाकी असेल तर नळाचं पाणी आपल्या दाबाने संपात पडतं. त्यासाठी मोटार लागत नाही. संपातून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं काम सकाळी सातनंतर करता येतं. रात्री चालू करायची ती सवय असते, गरज नव्हे. संप नसेल आणि मोटार थेट नळाच्या लाइनला लावलेली असेल, तर ते मुळातच नियमात बसत नाही, शेजाऱ्यांचंही पाणी ओढलं जातं.

*मोटार कशावर बसली आहे?* मेन स्विच बंद करून बघा. मोटार स्लॅबवर किंवा चौथऱ्यावर थेट बोल्टने आवळलेली असेल तर सगळं घर तिच्याबरोबर थरथरतं. जुन्या टायरचे दोन जाड तुकडे खाली घाला. बोल्टलाही वरून रबरी वॉशर हवेत. वॉशर विसरले तर थरथर बोल्टमधून खाली जातेच आणि टायर फुकट.

*पाइप कुठून गेलाय?* मोटारीपासून निघालेला कडक पाइप झोपण्याच्या खोलीच्या भिंतीला क्लॅम्पने आवळला असेल तर उशीतली "घुंऽऽ" तिथूनच येते. क्लॅम्प सैल करून मागे ट्यूबची पट्टी घाला. मोटारीलगत पाइप कापून तिथे हातभर दाब सोसणारा रबरी होजपाइप दोन्ही बाजूंनी पट्टा लावून बसवला की थरथर पुढे जात नाही. प्लंबरचं अर्ध्या-पाऊण तासाचं काम.

*बंद करताना "ठक्‌" होतं का?* वर चढणारं पाणी परत मागे येऊन व्हॉल्व्हवर आदळतं, त्याचा तो आवाज. स्प्रिंगचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला तर बहुतेक जातो.

*आवाजाची जात बदलली आहे का?* पूर्वी "घुर्र" होती आणि आता "किर्रर्र" येतंय, तर बेअरिंग गेलंय. आत गोट्या खडखडल्यासारखं वाजत असेल तर मोटारीला पुरेसं पाणी मिळत नाही किंवा ती हवा ओढतेय. इथे थांबा. मोटार उघडू नका, ओल्या हाताने स्टार्टरशी खेळू नका. मोटार दुरुस्तीवाल्याला बोलवा. मोटारीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आवाजाचं भांडण बाजूला ठेवा, मेन बंद करा आणि त्याच दिवशी इलेक्ट्रिशियन आणा.

खर्च कोणाचा? मोटार मालकाची, खर्चही मालकाचा, हे सरळ. पण झोप मोडलेली भाडोत्र्याची असते आणि मालक टाळाटाळ करत असतो. अशा वेळी भाडोत्र्याने "होजपाइप मी आणतो, प्लंबर तुम्ही बघा" म्हटलं की काम आठवड्यात होतं. तत्त्व सोडलं असं कुणाला वाटेल. मला झोप जास्त महत्त्वाची वाटते.

६. वेळेची तडजोड

सगळं करूनही काही आवाज उरतात. उद्यमबागेत रात्रपाळी करणारा सकाळी आठला झोपतो आणि मालकांची नातवंडं तेव्हाच अंगणात क्रिकेट खेळतात. पोरांना गप्प बसवता येत नाही, पाळीही बदलता येत नाही. मग कॉट मागच्या खोलीत न्या, अंगणाकडची खिडकी बंद, आणि चेंडू रबरी ऐवजी स्पंजचा. नर्सिंगच्या मुली, इंजिनिअरिंगची पोरं परीक्षेच्या दिवसांत रात्र जागतात. त्यांना गच्चीवर फोनवर बोलायला बंदी घालण्यापेक्षा "साडेदहानंतर जिन्यात आणि गच्चीत बोलणं नको, खोलीत काय ते बोला" एवढं पाळायला सोपं जातं.

वडगाव-खासबागेत खाली माग चालू आणि वर भाड्याची खोली अशी घरं आहेत. यंत्रमागाच्या खोलीत आवाज ९० डेसिबलच्या वर जातो. ती मालकाची रोजीरोटी आहे, ती रबर लावून शांत होणार नाही. कुठल्या वेळेत माग बंद असतो हे आधी विचारून घ्या, आणि जमत नसेल तर ते घर घेऊच नका. कमी भाड्याला भुलून आलेले बरेच जण पुन्हा माझ्याकडेच घर शोधायला येतात.

गणपती आणि शिवजयंतीच्या मिरवणुकीचा आवाज मालकाच्या माथी मारू नका. तो गल्लीचा प्रश्न आहे.

७. बोलायचं कसं

आवाज चालू असताना बोलायला जाऊ नका. रात्री अकराला जिन्यात झालेलं बोलणं मी सकाळी निस्तरत असतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, कालनिर्णयवरची नोंद बघून, चहाच्या वेळेला जा. एकच आवाज, एकच वेळ, एकच मागणी. "आणि त्या दिवशी पण तुम्ही..." ही सुरुवात झाली की उठून घरी या.

बाईची तक्रार असेल तर बाईने बाईशी बोललेलं इथे जास्त चालतं. मालकीण वयाने मोठी असेल तर काकू म्हणा, मॅडम म्हणून अंतर वाढवू नका. मालकांनीही लक्षात ठेवावं: भाडोत्र्याच्या पोराला परस्पर ओरडलात की आई-बाप तुमचं पुढचं काहीही ऐकत नाहीत.

सीमाभागात एक जादा काळजी घ्यावी लागते. घरमालक कन्नड आणि भाडोत्री मराठी, किंवा उलट, असं इथे घरोघरी आहे आणि वर्षानुवर्षं नीट चाललेलं आहे. पण मोटारीच्या भांडणात कुणी "तुम्ही लोक" असा शब्द काढला की ते भांडण मोटारीचं राहत नाही, मग गल्लीतली इतर मंडळीही बाजू घेऊन उभी राहतात. आपल्याला जमेल तशा भाषेत स्वतः बोला. मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये "रात्री स्वल्प सद्द कम्मी माड्री" (रात्री जरा आवाज कमी करा) म्हणालात तरी समोरचा बहुधा मराठीतच उत्तर देतो. मधे तिसऱ्याला घालून निरोप धाडले की निरोपात तिखट वाढत जातं.

दोनदा बोलूनही फरक नाही, तर गल्लीतल्या पंचांपैकी दोघांनाही चालेल असा एक वडीलधारा निवडा. एकच. पाच जण जमले की सभा होते.

जे ठरेल ते करारात लिहा. अकरा महिन्यांचा करार आपण करतोच. त्यात मोटारीची वेळ, रात्री गेट बंद होण्याची वेळ आणि गच्चीचा वापर या तीन ओळी घातल्या की पुढच्या भाडोत्र्याच्या वेळी हेच पुन्हा सुरू होत नाही.

८. हा आवाजाचाच प्रश्न आहे का?

तक्रार सारखी बदलत असेल, दुरुस्ती केल्यावर समाधानाऐवजी नवी तक्रार येत असेल, तर विचारा: भाडं वाढवायचंय का? मुलाचं लग्न ठरलंय म्हणून खोली हवीय का? भाडोत्री डिपॉझिट सुटण्याची वाट बघतोय का? असं असेल तर रबर, होजपाइप, सगळं व्यर्थ. सरळ विचारलं की बहुतेक मालक सांगतात, आणि दोन महिन्यांची मुदत देऊन चांगुलपणाने विषय संपतो. पाहुणे, स्वयंपाकाचा वास, मुलीकडे येणारी मित्रमंडळी, यांवरचा राग पुष्कळदा "आवाज" या नावाने बाहेर पडतो. तो मी सोडवू शकत नाही. तिथे घर बदललेलं बरं.

कुठे थांबायचं, कुणाला बोलवायचं

पलीकडून बाई किंवा मूल मार खातंय असं ऐकू आलं तर वरचा सगळा क्रम विसरा. ही आवाजाची तक्रार नाही. ताबडतोब ११२ लावा.

भिंत किंवा स्लॅब फोडून काही करायचं असेल, स्लॅबला नव्या चिरा दिसत असतील, तर गवंड्याच्या भरवशावर नाही, सिव्हिल इंजिनिअरला दाखवून.

डेक, साउंड सिस्टिम, लाउडस्पीकर रात्री वाजत असेल तर ध्वनिप्रदूषण नियम, २००० लागू होतात. रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र धरली जाते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. सणासमारंभासाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार लाउडस्पीकरला मध्यरात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. पोलिसांना बोलवायचं ते यासाठी. खुर्ची ओढली, पोर पळालं, कुकरची शिट्टी झाली, यासाठी पोलीस येऊनही काही करणार नाहीत, आणि घरात पोलीस आल्याचा राग मालक आयुष्यभर विसरत नाही.

मालकाने भांडणात वीज किंवा पाणी तोडलं, बाहेरून कुलूप घातलं, सामान बाहेर काढायची धमकी दिली, तर पंच, एजंट कुणीही पुरे पडणार नाही, वकील गाठा. तसंच भाडोत्र्याने "आवाज थांबेपर्यंत भाडं देणार नाही" हा हट्ट करू नये. तिथे त्याचीच बाजू लंगडी पडते. करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर महिन्याच्या भाडेकराराला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ नुसार १५ दिवसांची लेखी नोटीस लागते, आणि भाडोत्र्याला घराचा निर्वेध उपभोग मिळावा हे त्याच कायद्याच्या कलम १०८ मध्ये आहे. मुदतीचा करार असेल तर आधी करार वकिलाला वाचायला द्या. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, १५१०० हा त्यांचा मोफत फोन आहे. दावा न लावताही ते दोघांना समोर बसवून तडजोड करून देऊ शकतात.

नवीन घर बघायला येणाऱ्यांना मी आता सांगतो की डिपॉझिट द्यायच्या आधी घर दोनदा बघा, एकदा पाणी येण्याच्या दिवशी सकाळी आणि एकदा रात्री नऊनंतर. मालकांना हे आवडत नाही. तरी बघा.